एकशे नऊवर मुक्काम

ती. दादा,

नमस्कार. वहिनींनाही सांग. तुझ्या हाताचं प्लास्टर कधी निघणार, आत खाज सुटते का, सुटली तर वहिनींची विणकामाची सुई आत घालू नकोस (घालतोस, मला ठाऊक आहे), त्या हातावर झोपत तर नाहीस ना, ही सगळी चौकशी मनापासून करते आहे. तूही आमची खुशाली विचारशीलच, आधी गाडीची, मग आईची आणि वेळ उरला तर माझी, म्हणून तुझ्याच क्रमाने उत्तर देते. गाडी बरी आहे, आई बरी आहे, मीही आहे. हे सगळं परवा फोनवर सांगून झालं होतं. तेव्हा तू लगेच "काटा किती चढला होता?" असं विचारलंस आणि मी "आवाज तुटतोय" म्हणून फोन ठेवला. आवाज अजिबात तुटत नव्हता. पण फोनवर सांगायला लागले असते तर तू दर वाक्याला आकडा मागितला असतास, आणि मला जे सांगायचं आहे त्यात आकडे आहेत खरे, पण ते आपापल्या जागी आले तरच बरे. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून पत्र. पाणी पिऊन घे आणि बसून वाच.

गाडी न्यायला मी तुझ्याकडे आले, तेव्हा तू अंगणात उभं राहून मला दिलेलं व्याख्यान मी विसरलेले नाही. उभ्या गाडीचं छत पुसताना खाली पडून हात मोडून घेणारा माणूस मला घाट कसा चढायचा ते शिकवत होता, आणि मी निमूट ऐकत होते, कारण पिकअप तुझी, तिच्यावरून तुझ्या पाण्याच्या टाक्या जातात आणि त्या टाक्यांवर तुमचं घर चालतं. शिवाय त्या गिअरबॉक्सचं काम तू गेल्याच वर्षी केलंयस आणि त्या दिवसापासून त्याच्याबद्दल बोलताना तुझा आवाज जरा हळू होतो. तू म्हणालास, गिअरबॉक्सचं तेल नव्वदच्या आसपास असलं की तो सुखात. शंभर ओलांडले की सावध हो, खालच्या गिअरात घे, पाय हलका ठेव. एकशे दहा ओलांडले की बाजूला घे, न्यूट्रलला टाक, पण इंजिन बंद करू नकोस, तेल फिरत राहिलं तरच निवतं. आणि एकशे वीसच्या पुढे तेल करपायला लागतं, आणि तेल करपलं की गिअरबॉक्स... हे वाक्य तू पुरं केलं नाहीस. नुसता आभाळाकडे बघत राहिलास. वहिनी मागे कपडे वाळत घालत होत्या, त्यांनीही आभाळाकडे पाहिलं, पण मला वाटतं त्यांना उन्हाचा अंदाज घ्यायचा होता.

एक गोष्ट मात्र तू सांगितली नाहीस. तो वेगळा बसवून घेतलेला गोल काटा तू डॅशबोर्डच्या पार डाव्या टोकाला, शेजारच्या सीटकडे तोंड करून बसवला आहेस. चालवणाऱ्याला त्याची फक्त कड दिसते. मी गाडी रस्त्याला लागेपर्यंत मान वाकडी करून बघत होते आणि मग माझ्या लक्षात आलं की तो तू वहिनींसाठी बसवलाय. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही दोघं फिरायला म्हणून निघता तेव्हा त्या खिडकीबाहेरची झाडं बघत नसतात, तर तुला आकडे वाचून दाखवत असतात. वहिनी, तुम्ही हे कधी बोलला नाहीत. तुमच्याबद्दल माझा आदर वाढला आहे.

आता आईबद्दल. गेल्या थंडीत ती न्हाणीघरात घसरली आणि दूधवाल्याने दार ठोठावेपर्यंत तशीच पडून राहिली, त्यानंतर तू तिला बोलावलंस, मी बोलावलं, आणि दोघांनाही तिने "बघू" म्हटलं. तिचं "बघू" म्हणजे काय हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. त्या "बघू"च्या पोटात आपली सायकल गेली, कुत्रा गेला आणि माझी गाण्याची शिकवणीही गेली. यावेळी "बघू"चं "येते" झालं ते कसं, हे मला अजून उलगडलेलं नाही. पण येते म्हणाली त्यालाही तिने एक अट घातलीच. तुझी गाडी सामान घेऊन खिंड ओलांडून गेली तर ती माझ्याकडे राहील. गाडी मध्येच बसली तर सामानासकट परत. "माझं ओझं त्या गाडीला झेपलं नाही, तर तुला कुठून झेपणार," असं म्हणाली. तुला मी फोनवर हे सांगितलं तेव्हा तू हसलास. मला हसू आलं नाही, कारण ती हे बोलली तेव्हा गाठोड्याला गाठ मारत होती, आणि गाठ मारताना आई गंमत करत नाही.

आणि तिने बाबांची खुर्ची घेतली नाही. खिडकीपाशी असते ती, वेताची, जिच्या एका हातावर चहाच्या कपाचा गोल डाग पडलेला आहे. गेली आठ-नऊ वर्षं आईच तिच्यात बसते. मी ती उचलायला गेले तर म्हणाली, "ती राहू दे. परत आल्यावर बसायला काहीतरी लागेल ना." मी शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली, कुंड्यांना पाणी घालायला सांगितलं आणि खुर्चीवर एक चादर टाकून आले. दादा, रिकाम्या खुर्चीवर चादर टाकताना कसं वाटतं ते तुला कळेल, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी कडाक्याची थंडी पडली होती. तू सांगितल्याप्रमाणे मी अंगणात बॉनेट उघडून कूलंट बघितलं, इंजिनचं तेल बघितलं, गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी बाहेर काढून पुसली, परत घातली, परत काढली (तेल छान लाल होतं, तुला बघून समाधान वाटलं असतं). हात पुसायला फडकं हवं होतं ते आणायला आत गेले, तर फडकं ज्या खोक्यात होतं तेच नेमकं सुतळीने बांधून झालेलं. ते सोडून परत बांधेपर्यंत बराच वेळ गेला. बाहेर आले तेव्हा बॉनेट कोणीतरी लावून टाकलं होतं. मला वाटलं आईने लावलं असेल, आणि बरंच वाटलं. रात्री काचेच्या भांड्यांच्या खोक्याचं वरचं एक झाकण फाटून नाहीसं झालेलं दिसलं, तेव्हा मी शेजारच्या काकूंच्या नावाने बडबड केली, कारण ते खोकं त्यांनी भरलं होतं. आई गप्प राहिली. थकली असेल असं समजून मी त्या खोक्यावर एक टॉवेल ताणून बांधला आणि विषय संपवला. या परिच्छेदातलं सगळं नीट लक्षात ठेव. माझ्या लक्षात ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आलं नव्हतं.

सकाळी निघालो. मागे कपाट, शिलाई मशीन, गाद्या, ट्रंक, खोकी, दोन तुळया (त्या का, हे विचारू नकोस, आई म्हणाली चांगल्या लाकडाच्या आहेत). कपाटाचा आरसा मी हुशारीने मागच्या बाजूला केला होता, म्हणजे दोरी त्याला लागणार नाही. त्याचा परिणाम असा झाला, की आमच्या मागे येणाऱ्या प्रत्येक गाडीला आपलीच गाडी समोरून अंगावर येताना दिसायची. सगळे हॉर्न वाजवत, दिवे मारत, आणि आरसा त्यांचे दिवे त्यांनाच परत मारत असे. एक माणूस पुढे जाताना काच खाली करून काहीतरी बोलला. आईने त्याला हात करून निरोप दिला. तिला वाटलं, आपल्याच गावचा कोणी असेल.

काटा बघायचं काम अर्थातच आईकडे आलं. मी तिला तुझे नियम जसेच्या तसे सांगितले. तिने चष्मा लावला, स्वेटरची बाही मागे सारली आणि बसल्या जागी तिचा वॉर्ड सुरू झाला. सगळी नोकरी लहान मुलांच्या वॉर्डात काढलेली सिस्टर ती, तिच्यासमोर तू ताप दाखवणारं यंत्र ठेवलंस. "अठ्ठ्याऐंशी. ठीक आहे." थोड्या वेळाने, "नव्वद. झोपलाय शांत." मी विचारलं, कोण झोपलाय, तर म्हणाली पेशंट. सपाट रस्त्याला पेशंटचं फार छान चाललं होतं. मला आठवत होतं, आपण तापलो की ती आपल्यावर नुसता पातळ पंचा ठेवायची, आणि चाळीतल्या बाकीच्या बायका आपापल्या पोरांना चार चार पांघरुणांत गुंडाळून बसायच्या. मग ही त्यांच्या घरात शिरून ती पांघरुणं ओढून काढायची. "तापलेल्याला वारा लागू दे, तो काही लोणी नाही वितळायला." केवढी भांडणं झाली असतील त्यावरून. निम्म्या चाळीने तिच्याशी बोलणं टाकलं होतं, पण पोर तापलं की रात्री-बेरात्री हिलाच बोलवायचे.

घाट लागला आणि आमच्यापुढे एक टँकर आला. तो इतका हळू होता, की त्याच्या मागे लिहिलेला इशारा मी पाठ केला, मग त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, मग मनातल्या मनात त्याचं एक बरं वाक्य तयार केलं. ओलांडायला जागा नाही, वळणामागे वळण. "शहाण्णव," आई म्हणाली. मग "एकशे एक". मी खालच्या गिअरात घेतली. "एकशे चार. अंग तापलंय जरा." मी पाय इतका हलका केला, की टँकरही पुढे निघून गेला, तरी काटा उतरेना. इंजिनचा काटा, जो माझ्यासमोर आहे, तो नेहमीपेक्षा जेमतेम एक रेघ वर. म्हणजे इंजिनला फारसं काही नाही आणि गिअरबॉक्सला ताप. मग मला तुझा हीटरचा उपाय आठवला, की इंजिन तापलं तर आतला हीटर पूर्ण लावायचा, तेवढी उष्णता आत येते. (तो इंजिनसाठी आहे, गिअरबॉक्सला त्याचा उपयोग बेताचाच, हे मला आता कळतं. तेव्हा मी काहीही केलं असतं.) हीटर लावला. आईला तो फार आवडला. स्वेटर घालून, हात पुढे करून ती शेकत बसली. माझ्या मानेवरून घाम पाठीत उतरत होता, चष्म्यावर वाफ आली होती, आणि शेजारून शांत आवाज येत होता, "एकशे सात. एकशे नऊ."

आणि मग एकशे नऊवर मुक्काम पडला. प्रत्येक वळणाला मी विचारायचे, किती, आणि ती म्हणायची, एकशे नऊ. मी देवाचं नाव घेत होते असं म्हणणार होते, पण खरं तर मी तुझं घेत होते. एकशे दहाची हद्द तू घालून दिलेली, आणि आपण त्या हद्दीच्या एक पाऊल अलीकडे चालतोय, याचा मला विलक्षण आनंद होता. घाटाच्या मध्यावर रस्ता जरा रुंद होतो आणि तिथे चहाचं एक दुकान आहे, शेजारी पत्र्याखाली एक गॅरेज. ते दिसताच आई म्हणाली, "थांबव आता. एकशे बारा." मी बाजूला घेतली, न्यूट्रलला टाकली, हँडब्रेक ओढला, इंजिन चालू ठेवलं. सगळं तू सांगितलंस तसं. मी काटा बघायला वाकले, तर आईने पर्समधला रुमाल काढून त्याच्यावर टाकला. "सारखं सारखं बघायचं नसतं. पेशंटला पडू दे जरा." वॉर्डातल्या आवाजात म्हणाली ती हे. त्या आवाजापुढे मी आजवर कधी काही बोललेली नाही, तू बोलला असशील तर मला कळव.

गॅरेजवाला आला. पोटापर्यंत उघडी चेन असलेलं जाकीट, कानावर पेन्सिल. त्याने मला आधी आरशाबद्दल बोलून घेतलं, मग बॉनेट उघडलं, गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी काढली, बोटांत तेल चोळलं, वास घेतला आणि तोंड असं केलं, की एखाद्या नातेवाइकाने ते बघितलं असतं तर त्याने रडायला सुरुवात केली असती. मी म्हटलं, काटा एकशे बारा दाखवत होता. तर म्हणाला, "काट्यांवर माझा विश्वास नाही ताई. गिअरबॉक्स गेला. वर चढणार नाही. टोचन करून खालीच न्यावी लागेल. माझ्या मेव्हण्याची गाडी आहे, बोलावू का?" मी विचारलं, खाली म्हणजे कुठे. त्याने हात करून दाखवलं. आम्ही जिथून आलो होतो, तिकडे.

दादा, त्या क्षणी मला तुझ्या गिअरबॉक्सचं दुःख झालं नाही. मला माफ कर. मला ती चादर टाकलेली खुर्ची दिसली. मला दिसलं, की संध्याकाळपर्यंत आई त्या खुर्चीवरून चादर काढून झटकेल, नीट घडी करेल, बसेल, आणि मला म्हणेल, "तू प्रयत्न केलास ना, झालं तर मग." आणि मी माझ्या गावी परत जाईन आणि रोज सकाळी दूधवाल्याच्या वेळेला तिला फोन लावत बसेन. गॅरेजवाला मेव्हण्याला फोन लावत होता. मी त्याला थांबवलं नाही. आई दुकानासमोरच्या बाकावर चहा पीत बसली होती. अट तिची होती आणि ती जिंकली होती, पण तोंडावर त्यातलं काही दिसत नव्हतं. ती फक्त फुंकर घालून चहा पीत होती.

तेवढ्यात एक प्रवासी बस थांबली आणि एक बाई लहान पोराला घेऊन उतरली. पोराचे गाल लालबुंद, डोळे अर्धे मिटलेले, आणि बाईने त्याला टोपी, मफलर, शाल आणि वर स्वतःची ओढणी असं सगळं गुंडाळलेलं. आईचा हात आपोआप वर गेला. "अहो, तापलंय ते. मोकळं करा त्याला. एवढं पांघरूण घातलं की ताप बाहेर कुठून..." आणि ती मध्येच थांबली. दादा, आईला वाक्याच्या मध्ये थांबलेलं मी कधी पाहिलेलं नाही. तिचा चेहरा, गॅस चालू ठेवून आल्याचं आठवलेल्या माणसासारखा झाला. तिने तुझ्या गाडीकडे पाहिलं. मग घाटाच्या खालच्या बाजूला पाहिलं. मग वर, खिंडीकडे. एवढ्या वेळात तिने चहाचा घोटही घेतला नाही. मग कप बाकावर ठेवला, उठली आणि गॅरेजवाल्याला म्हणाली, "भाऊ, फोन ठेवा. तुम्ही पेशंटला समोरून बघितलंत का?"

तो म्हणाला, "आजी, गिअरबॉक्स मागे असतो. समोरून काय बघायचंय?"

"ताप कुठला का असेना, हात आधी कपाळाला लावायचा असतो," आई म्हणाली, आणि तिने बॉनेटच्या पुढच्या कडेला, जाळीच्या मागच्या फटीत हात घातला आणि आतून एक पुठ्ठा वर ओढून काढला. चांगला रुंद, कडा उष्णतेने वाकलेल्या, आणि त्याच्या आतल्या बाजूला आईच्याच ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं, "जपून". काचेच्या भांड्यांच्या खोक्याचं झाकण. काकूंची मी मनातल्या मनात तिथेच माफी मागितली.

तुला आठवतं, बाबा कडाक्याच्या थंडीत जुन्या गाडीच्या रेडिएटरपुढे पुठ्ठा लावायचे, म्हणजे सकाळी गाडी लवकर गरम व्हायची. निघाल्यावर थोड्या अंतराने थांबून तो आठवणीने काढायचे. आईने त्या संध्याकाळी बॉनेट उघडं पाहिलं, तिला बाबांची आठवण झाली, आणि तुझ्या गाडीला रात्री गारठा लागू नये म्हणून तिने तो पुठ्ठा आत सरकवला आणि बॉनेट लावून टाकलं. लावायचं तिला आठवलं. काढायचं काम आयुष्यभर बाबांचं होतं, त्यामुळे ते तिच्या डोक्यात कधी आलंच नाही. आणि तुझ्या गाडीत गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी ती छोटी जाळी रेडिएटरच्या पुढे, बरोबर खालच्या अर्ध्या भागात आहे. पुठ्ठाही बरोबर तेवढाच होता. म्हणून इंजिन बरं आणि गिअरबॉक्स तापलेला. आयुष्यभर लोकांच्या पोरांवरची पांघरुणं ओढून काढणाऱ्या आपल्या आईने तुझ्या गाडीला पांघरूण घालून घाटावर चढवलं होतं.

गॅरेजवाल्याने विचारलं, "हे काय?" आई म्हणाली, "पांघरूण." त्याने तो पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला. मग पेन्सिल या कानावरून त्या कानावर ठेवली आणि म्हणाला, की तरीही त्याच्या मते गिअरबॉक्स गेलेलाच आहे, पण आता सावकाश जाईल. मेव्हणा मात्र नाराज झाला असावा, फोनमधून बराच वेळ आवाज येत होता.

पंख्याला वारा मिळायला लागला. आम्ही तिथेच थांबलो. दुसरा कप चहा झाला, त्या पोराची शाल आणि ओढणी आईने समोर उभं राहून काढायला लावली, आणि मग गाडीत येऊन बसल्यावर तिने काट्यावरचा रुमाल अलगद उचलला. "एकशे तीन," म्हणाली. मग "नव्व्याण्णव". मग "चौऱ्याण्णव. घाम सुटला." मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. घाम मलाही सुटला होता, पण तो हीटरचा. मग तो बंद केला.

खिंड आम्ही नव्वदवर ओलांडली. वरून दोन्ही बाजू दिसतात, तुला माहीत आहे. मी थांबले नाही. थांबले असते तर बोलावं लागलं असतं. पण पुढच्या उतारावर मी म्हटलंच, "आई, तू गप्प बसली असतीस तरी चाललं असतं. अट तुझीच होती." ती काट्याकडे बघत म्हणाली, "पेशंट पांघरुणाखाली गुदमरतोय आणि सिस्टर चहा पीत बसलीय, असं कधी ऐकलंस?" मी म्हटलं, नाही. त्यावर ती म्हणाली, "मग." बस, एवढंच. पण मला तिने बाकावरून आधी खाली आणि मग वर पाहिलं होतं ते दिसत राहिलं. तिच्या हातात घरी जायचं आयतं कारण आलं होतं, आणि तिने ते आपल्या हाताने, "जपून" असं लिहिलेलं, ओढून बाहेर काढलं होतं. हे मी तिला बोलून दाखवलं नाही. तूही दाखवू नकोस. आपल्या घरात अशा गोष्टी बोलल्या की त्या मागे घेतल्या जातात.

तर आता सगळं ठीक आहे. आई माझ्याकडे आहे. पहिले दोन दिवस ती प्रत्येक खुर्चीच्या टोकावर बसायची, पाहुण्यासारखी, पर्स मांडीवर. आमच्याकडच्या ह्यांनी तिला आपली खुर्ची दिली तर म्हणाली मला पाठीला टोचते. सोफा फार मऊ, स्टूल फार उंच. पण काल सकाळी दूधवाला आला तेव्हा दार तिने उघडलं, आणि परत येऊन मला सांगितलं की त्याच्या दुधात पाणी आहे. तिचं मन लागतंय, हे मला तेव्हा पटलं.

तुझ्या तब्येतीला जप. तो हात गळ्यातच ठेव. वहिनींना माझ्या वतीने खिडकीबाहेर बघायला सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर इथल्या गॅरेजमध्ये बदलून घेतला. निघालेलं तेल जरा काळपट होतं, पण करपलेलं नाही, असं तिथला मेकॅनिक म्हणाला. आत काही झिजलेलंही सापडलं नाही. सपाट रस्त्यावर अठ्ठ्याऐंशी. आता तरी पाणी पी.

ता. क. २. गाडी येत्या रविवारी परत आणून देणार होते. ती त्याच्या पुढच्या रविवारी आणली तर चालेल का? काल रात्री भांडी घासताना आई सहज म्हणाली, की बाबांची खुर्ची तिकडे उगाच धूळ खाते आहे, आणि आमच्या खिडकीपाशी तेवढी जागा आहे. ती "बघू" म्हणाली नाही. "आणू या" म्हणाली. मी हातातली कढई खाली ठेवली आणि होय म्हटलं, तुला न विचारता. म्हणजे परत एकदा तोच घाट, तुझीच गाडी. एवढं लांबलचक पत्र लिहायचं खरं कारण हेच, हे तुला एव्हाना कळलंच असेल. आईलाही खाली चार ओळी लिहायच्या आहेत. कागद हाताने झाकून लिहिते आहे, मला बघू देत नाही.

चि. मोठ्यास, अनेक आशीर्वाद. हात ओला करू नकोस. हिने एकशे बारा लिहिलं असेल. एकशे एकवीस होता. एकशे नऊ म्हणत होते तेव्हाही एकशे पंधरा होता. डॉक्टरला खरा आकडा सांगावा लागतो म्हणून तुला सांगते, हिला सांगू नकोस. पेशंटच्या घरच्यांना घाबरवलं की ते त्याला उचलून घरी न्यायला निघतात, आणि मला जायचं नव्हतं. खुर्चीला यावेळी पुठ्ठा लागेल, पण तो मी खुर्चीलाच बांधेन.